चपट्या डोंगराचं लेबल

जावयाचा हात मोडला तेव्हा तो तारेच्या अलीकडे होता की पलीकडे, यावर चौकीत बराच खल झाला. पहारेकऱ्यांचं म्हणणं पलीकडे, म्हणजे बंदीच्या डोंगरावर. जावयाचं म्हणणं अलीकडे, आपल्याच गोठ्याच्या मागे. हात मात्र कुठल्याही बाजूने पाहिला तरी सारखाच मोडला होता, कोपराच्या वर, काठीच्या दोन तडाख्यांत. शेळी तारेत अडकून ओरडत होती आणि तो तिला सोडवायला वाकला होता, एवढाच त्याचा गुन्हा. एकाने शेळीच्या पोटातही बुटाची लाथ घातली. ती दुसऱ्या दिवशी मेली.

मंगळवारी दुपारी मुलगी नवऱ्याला घेऊन शहरात बापाच्या दोन खोल्यांत आली. रडणं वाटेतच उरकलं होतं. ती घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, येत्या सोमवारी घरं पाडणार आहेत. सगळं गाव उठवणार. नोटीस लागलीय."

"कशापायी?"

"फुलापायी. तुमच्या कपाटातल्या त्या फुलापायी."

 आत चुलीपुढे बापाची वहिनी बसली होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. या वहिनीनेच त्या मुलीला वाढवलं होतं. आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून मुलगी तिला मोठी आई म्हणायची.

ही गोष्ट या बापाची आहे. लोक त्याला घावकाका म्हणतात, तरुणपणी घाव्या म्हणायचे. मांडीएवढं खोड सहा घावांत आडवं करणारा म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. खरं नाव पगाराच्या पत्रकावर तेवढं उरलंय. डाव्या हाताचा अंगठा अर्धा आहे. वय छप्पन्न. वाळक्या झाडांच्या सरकारी दालनात तो चौतीस वर्षं नोकरी करतो. झाडं दाबून वाळवायची, जाड कागदावर खळीने चिकटवायची, देठ जाड असेल तर दोऱ्याचा टाका घालायचा, कोपऱ्यात लेबल लावायचं, कपाटात डांबरगोळ्या टाकायच्या. पूर्वी साहेब लोक कीड लागू नये म्हणून झाडांना विष चोळून ठेवत. ते जुने कागद हाताळून घावकाकाची बोटं अजून फुटतात. मेलेली झाडंसुद्धा माणसाला चावतात, हे त्या दालनात कळतं.

मुलगी म्हणत होती तो कागद एकोणिसाव्या कपाटात होता. त्यावर एक ऑर्किड, म्हणजे झाडाच्या फांदीवर वाढणारं फूल, ज्याला गावातले लोक सरळ बांडगूळ म्हणून मोकळे होतात. जिवंतपणी पांढरंशुभ्र, घशात लाल ठिपका. वाळून ते तपकिरी झालेलं. लेबलावर साहेबाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: चपटा डोंगर. ते फूल नंतर कुणाला दिसलं नाही. साहेब गेले, नवं सरकार आलं, नव्या सरकारला जुनं फूल वाचवायची इच्छा झाली. चांगलीच गोष्ट आहे. वनखात्याने कपाट उघडलं, लेबल वाचलं आणि चपट्याला तार घातली. सहा वर्षं शोधलं. फूल सापडेना. जसजसं सापडेना तसतसा खात्याला संशय येऊ लागला की ते खालच्या गावाने, त्यांच्या शेळ्यांनी आणि कोयत्यांनी संपवलं. मग तार दुहेरी झाली, मग पहारेकरी आले, मग काठ्या आल्या, आणि आता सोमवार आला होता.

घावकाकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की लेबल खोटं आहे. सहा वर्षं तो मूग गिळून बसला. लेक त्या गावात दिलेली, तरी बसला. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं, आणि ते चुलीपाशी बसलेल्या बाईने ऐकलं असतं.

चौतीस वर्षांपूर्वी, साहेबांच्या राज्यात, घाव्या आणि त्याचा थोरला भाऊ कुबड नावाच्या डोंगराखाली राहत. डोंगराला खरोखरच पाठीवर कुबड होतं आणि त्यावर खालपासून वरपर्यंत जुनी, उंच झाडं. तिथे एक चष्मेवाला साहेब आला. त्याच्या देशात काचेच्या घरांत ऑर्किड लावायचं खूळ निघालं होतं. जो तो नवं फूल मागे, आणि शेजाऱ्याकडे नसलेलं मागे. साहेबाला फुलांचं वेड होतं असं लोक म्हणतात. वेड्या माणसाला बांधून ठेवतात. याला दोनशे मजूर आणि एक जहाज दिलं होतं.

दादा झाडावर चढणारा होता. पायांना लोखंडी आकडे बांधून तो सरसर वर जायचा, ऑर्किडचा झुबका निम्मा कापायचा आणि निम्मा तिथेच ठेवायचा. "अर्धं त्याचं, अर्धं आपलं," म्हणायचा. त्याचं म्हणजे कुणाचं, असं कुणी विचारलं तर चिडायचा. "झाडाचं. आणखी कुणाचं?"

दिवसाला चार झाडं व्हायची. साहेबाला दहा हजार झुबके हवे होते. त्यात बातमी आली की दुसऱ्या कंपनीचा लाल दाढीवाला साहेब नदीपलीकडे तंबू ठोकून बसलाय. साहेबाने सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, कुऱ्हाड कोण चांगली चालवतो. घाव्या पुढे झाला. साहेबाने चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांच्या पोराच्या अंगात मस्ती भरायला एवढं पुष्कळ होतं.

मग चढायचं कामच संपलं. झाडच खाली आणायचं. पडणाऱ्या बाजूने खोल खाच, मग मागून घाव, मग करकर, मग "सरका" अशी आरोळी, आणि दोन-तीनशे वर्षांचं झाड एका सकाळीत जमिनीवर. बाया सुऱ्या घेऊन त्यावर तुटून पडत, झुबके ओरबाडत, ओल्या शेवाळात गुंडाळून पेटीत भरत. चार झुबक्यांसाठी एक झाड. माकडिणी पिल्लं पोटाशी धरून शेंड्यावरून शेंड्यावर पळत, आणि एक दिवस पळायला शेजारचा शेंडाच उरला नाही, तेव्हा झाडासकट खाली आल्या. एका मजुराचे दोन्ही पाय फांदीखाली सापडले. साहेबाने आधी फांदीवरचे झुबके उतरवून घेतले, मग फांदी उचलायला सांगितली. तो माणूस संध्याकाळपर्यंत ओरडला. नंतर ओरडला नाही.

लाल दाढीच्या माणसांशी नदीच्या उतारावर गाठ पडली. साहेबाने सांगितलं होतं की त्यांच्या पेट्या फोडा आणि आत रॉकेल ओता. त्यांनीही काही हाताची घडी घातली नव्हती. घाव्याच्या कुऱ्हाडीचा दांडा एकाच्या तोंडावर बसला आणि दात वाळूत पडले. दुसऱ्याच्या कोयत्याने घाव्याचा अर्धा अंगठा नेला. साहेबाने स्वतःच्या रुमालाने तो बांधला. घाव्याने तो रुमाल वर्षभर धुतला नाही.

पेट्यांवर डोंगराचं नाव घालायचं होतं. साहेबाने पत्रा कापून छाप करून घेतला: चपटा. घाव्याला जरा अक्षरओळख होती, तो गोंधळला. चपट्यावर गवत, काटेरी झुडपं आणि चार-दोन बोडकी झाडं. तिथे हे फूल कधी उगवलंच नव्हतं. साहेबाच्या कारकुनाने डोळा मारला. "लाल दाढीचे हेर बंदरावर पेट्या वाचतात. जाऊ देत चपट्यावर, बसू देत गवत उपटत. सगळे साहेब असंच करतात रे." घाव्याला फार हसू आलं. शेकडो पेट्यांवर त्याने स्वतःच्या हाताने काळ्या रंगाचा ब्रश फिरवला. कंपनीने इथल्या दालनाला एक वाळवलेलं फूल भेट दिलं, त्याच्या कागदावरही साहेबाने तेच नाव लिहिलं. खोटं एकदा बोललं की सगळीकडे सारखं बोलावं लागतं.

दादाने साहेबाच्या तोंडावर काम सोडलं. भावाला म्हणाला, "कुऱ्हाड खाली ठेव. नाहीतर आजपासून मला दादा म्हणू नकोस." घाव्याने कुऱ्हाड ठेवली नाही. दादा आकडे खांद्यावर टाकून चालता झाला. घरी गेला असणार, असं सगळ्यांनी धरलं.

दोन दिवसांनी साहेबाच्या पेट्या भरल्या. कुबडाच्या एका घळीत थोडी झाडं शिल्लक होती. साहेबाने घाव्याच्या हातात रॉकेलचा डबा दिला आणि म्हणाला, राहिलेलं जाळून टाक. ते त्याला नको होतं, पण दुसऱ्याला मिळायला नको होतं. एवढंच कारण होतं. कडक उन्हाळा, दुपारचे तीन, वारा खालून वर. घाव्याने वाळक्या पानांवर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. आग घळीत शिरली आणि बांबू फुटू लागले, ठाण ठाण. दोन बांबू फुटण्याच्या मध्ये वरून एक हाक आली. घाव्या म्हणून नव्हे. घरातलं नाव घेऊन, जे फक्त आई आणि दादा घेत.

चौथ्या दिवशी राख निवली तेव्हा घळीत दोन लोखंडी आकडे सापडले. त्यांच्याजवळ जे होतं ते घाव्याने एकट्याने पुरलं. लग्नाला वर्ष न झालेल्या वहिनीला त्याने सांगितलं, "दादा झाडावरून पडला. बघण्यासारखं राहिलं नव्हतं." मग वणवा लागला, असंही सांगितलं. साहेबाने जाताना दालनातल्या नोकरीची चिठ्ठी लिहून दिली. ती नोकरी कशाबद्दल मिळाली, ते चिठ्ठीत नव्हतं. साहेबाचं जहाज दीड महिना समुद्रात होतं आणि दहातले नऊ झुबके सडले, हे त्याने पुढे दालनातल्या एका जुन्या पत्रात वाचलं.

त्याने वहिनीला कधी काही कमी पडू दिलं नाही. लोक म्हणत, दीर असावा तर असा. ते ऐकलं की तो उठून बाहेर जायचा.

बुधवारी सकाळी तो खात्याच्या बाईंपुढे उभा राहिला. बाई वनस्पतींच्या जाणकार, चाळिशीच्या, रागीट पण मनाच्या सरळ. दालनातल्या मोठ्या टेबलावर त्यांच्यापुढे तोच कागद होता.

"बाई, हे लेबल खोटं आहे."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"फूल चपट्याचं नाही. कुबडाचं आहे. पेट्यांवर चपट्याचा छाप मी मारलाय."

 "घावकाका, मी सहा वर्षं तो डोंगर चाळतेय. माझ्या सहीने तिथे तार लागली. तुम्ही रोज इथे मला कपाट उघडून देत होतात."

"हो."

"मग आधी का नाही बोललात?"

 बाईंचा राग चढला आणि हळूहळू उतरला. त्या कपाळ चोळत म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यावर सोमवार थांबणार नाही. वरच्यांना कागद लागतो, आणि कागदावर साहेबाची सही आहे. तिच्यापुढे एकच चालेल, जिवंत झाड. कुबडावर आहे का एखादं?"

"कुबड जाळला."

"कुणी?"

"बघतो," घावकाका म्हणाला आणि बाहेर पडला.

झाड असलं तर कुठे, हे सांगू शकणारं एकच माणूस जिवंत होतं. काम सोडल्यावर दादा घरी गेला असेल तर जे काही बोलला ते बायकोशी. ते तिला विचारायची घावकाकाची चौतीस वर्षांत छाती झाली नव्हती, कारण विचारलं की तिनेही विचारलं असतं.

संध्याकाळी वहिनी चुलीवर भात टाकत होती. जावई बाहेरच्या खोलीत कण्हत पडलेला, मुलगी त्याच्या उशाशी. घावकाका आत जाऊन जमिनीवर बसला. लहानपणी शिक्षा झाल्यावर बसायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

"वहिनी, दादा झाडावरून पडला नाही."

तिचा हात थांबला.

"घळ मी पेटवली. साहेबाने सांगितलं म्हणून. तो आत होता. मला वाटलं घरी गेलाय."

"हाक मारली असेल त्यांनी," वहिनी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ घातलं का विचारावं तसा.

"बांबू फुटत होते. मला बांबूच वाटले."

वहिनीने चुलीत हात घातला आणि पेटतं लाकूड बाहेर ओढलं. पहिला तडाखा खांद्यावर बसला. ठिणग्या उडाल्या, सदरा पेटता पेटता राहिला. दुसरा मानेवर. कातडी जळल्याचा वास खोलीत पसरला. तो हलला नाही, हातही वर केला नाही. तिसरा तिने तोंडावर मारला आणि लाकूड मधोमध मोडलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. वहिनीने हातातला तुकडा परत चुलीत सारला, जमिनीवर पडलेलाही उचलून सारला, आणि भाताचं झाकण नीट केलं.

"चौतीस वर्षं मला वाटलं, मी मारलं त्यांना," ती म्हणाली. "ते घरी आले होते. माझ्याकडून जुनी चादर फाडून चिंध्या करून घेतल्या. आडव्या पडलेल्या झाडांवरून बायांच्या हातून सुटलेले झुबके गोळा करून खडकावर बांधतो म्हणाले. पाझराच्या वरचा खडक. म्हणाले, खडकाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. दोन दिवस तेच करत होते. तू सांगितलंस पडले, तर मला वाटलं खडकावरूनच पडले असतील. चिंध्या मी दिल्या नसत्या तर गेले नसते. रोज निजताना हेच. रोज."

आजवर ती त्याला भावोजी म्हणायची, तुम्ही म्हणायची. त्या संध्याकाळी तू म्हणाली आणि मग शेवटपर्यंत तूच म्हणत राहिली.

"त्या बाईला सांग, परवा जाऊ," ती म्हणाली. "मी दाखवते."

शुक्रवारी तिघं कुबडावर चढली. घावकाकाच्या गालावर आणि मानेवर फोड आलेले. बाईंनी एकदा पाहिलं आणि विचारलं नाही. झाडं आता नव्हतीच. माणूसभर उंचीचं काटेरी रान माजलं होतं, आणि त्यात जागोजागी काळी पडलेली खोडं, कमरेएवढी. घावकाकाला एकेक खोड ओळखता येत होतं. खाच कुठून घेतली होती तेही. आपण माणसांत उभे आहोत आणि सगळे आपल्याकडे बघतायत असं त्याला झालं, आणि त्याने वर बघणंच सोडलं.

वहिनी पुढे होती. तिला वाट विचारावी लागली नाही. घळ संपली तिथे काळा उभा खडक, अंगावरून पाझर झिरपत होता. वर, हाताला जेमतेम येईल अशा उंचीवर, पांढरी फुलं होती. घशात लाल ठिपका. खडकाच्या भेगेभेगेतून मुळं घट्ट रुतलेली. चिंध्या कधीच कुजून गेल्या होत्या, झुबक्यांना आता त्यांची गरज नव्हती. बाई मटकन खाली बसल्या आणि तोंडावर हात धरून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी मोजले. एकोणीस.

"एक न्यावं लागेल," बाई चाचरत म्हणाल्या. "दाबून, वाळवून. नाहीतर कुणी मानणार नाही."

वहिनीने त्यांच्या हातून सुरी घेतली. एका झुबक्यावर हात ठेवून तो निम्मा कापला, निम्मा खडकावर ठेवला. कापताना चिकट पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. मग ती घावकाकाकडे वळली.

"डबा घेऊन तू कुठे उभा होतास?"

त्याने खाली बोट दाखवलं. घळीच्या तोंडाशी एक सपाट दगड होता.

"मी तिथे जाते. तू इथेच थांब. मी हात वर केला की हाक मार."

"वहिनी..."

"त्यांनी मारली तशी मार."

ती उतरून गेली. रानात दिसेनाशी झाली, मग त्या दगडावर उभी राहिलेली दिसली, लहानशी. तिने हात वर केला.  तो तिने तसाच धरून ठेवला. शेवटी घावकाकाने तोंड उघडलं आणि वहिनी म्हणून नव्हे, स्वतःचंच घरातलं नाव घेऊन हाक मारली, दादाने मारली होती तशी, जिवाच्या आकांताने. ती घळीतून खाली गेली आणि समोरच्या उतारावर आपटून परत आली.

वहिनी वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. "स्पष्ट ऐकू येतं," ती म्हणाली.

"बांबू फुटत होते."

"माणूस आणि बांबू मला कळतो. तुलाही कळतो."

घावकाका खडकाला टेकून खाली सरकला. "ऐकलं होतं," तो म्हणाला. "तीनदा मारली हाक. पहिल्या हाकेला मी धावलो असतो तर वाट मोकळी होती. मी धावलो नाही. साहेब मागे उभा होता, तो काय म्हणेल असं वाटलं. मग दुसरी आली. मग वाट बंद झाली आणि मग तिसरी आली."

वहिनीने मारलं नाही. ती बाईंकडे वळली. "बाई, आता लेबल लिहाल ना? हे सगळं लिहा."

"लेबलावर असं काही लिहीत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, इतकंच."

"मग त्यावर चपटा कसं लिहिलं होतं?"

 बाईंनी वही काढली आणि तिथेच, गुडघ्यावर ठेवून, लिहायला सुरुवात केली. डोंगराचं नाव लिहिलं. खडकाचं लिहिलं नाही, चोर येतील म्हणाल्या, फुलांवर अजून टपून बसलेली माणसं आहेत. मग त्यांनी घावकाकाकडे न बघता विचारलं, "पूर्ण नाव?" त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत स्वतःच्या तोंडून ते घ्यायची त्याच्यावर वेळ आली नव्हती.

बाईंनी तो झुबका वरच्यांपुढे ठेवला आणि सोमवारी वरून हुकूम निघाला, पण तो चपट्याखाली पोचेपर्यंत दोन घरं पाडून झाली होती. एका घरातली म्हातारी उंबऱ्यावरून उठेना म्हणून तिला केसांना धरून ओढलं होतं. तिसरं घर लेकीचं होतं, त्याच्या भिंतीला यंत्र टेकलेलं होतं. पुढे तार उपटली गेली, गुंडाळली गेली. तिची भेंडोळी आता गाडीतून आणून कुबडाच्या पायथ्याशी टाकली आहेत. तिथले लोक येऊन बघतात आणि आपसांत कुजबुजतात. बाई म्हणतात, यावेळी काठ्या येऊ देणार नाही. बघू.

मंगळवारी वहिनी पहिल्यांदा दालनात आली. बरोबर तिचं गाठोडं होतं, दुपारच्या गाडीने ती लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. घावकाका टेबलापाशी उभा होता. नवा कागद पुढे, त्यावर निम्मा झुबका, पांढरं फूल दाबून चपटं झालेलं, अजून तपकिरी न पडलेलं. खळीची वाटी, दोरा, सुई आणि बाईंनी टाइप करून दिलेलं लेबल.

"वाच," वहिनी म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

त्याने वाचलं. ठिकाण कुबड डोंगर. जुन्या कागदावरचं चपटा हे नाव खोटं. हे झाड अमक्याने खडकावर बांधून वाचवलं. हा डोंगर त्याच्या सख्ख्या भावाने, तमक्याने, पेटवला. वाचवणाऱ्याने तीन हाका मारल्या. भावाने त्या ऐकल्या.

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून काम थांबवून बघू लागले.

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी शेवटच्या ओळीपाशी त्याचा आवाज गेला. वहिनी थांबली. कारकूनही थांबले. तिने घाई केली नाही, पण पाठही फिरवली नाही.

"पूर्ण वाच," ती म्हणाली.

त्याने पूर्ण वाचलं. मग अर्ध्या अंगठ्याने लेबलाच्या मागे खळ लावली, ते कोपऱ्यात बसवलं, वर वजन ठेवलं. खळ वाळेपर्यंत वहिनी तिथेच उभी राहिली.